'ब्लॉक्ड' दिसलं तरी खरं मानू नका

खोटा सोर्स (पाठवणाऱ्याचा) पत्ता घातलेलं पॅकेट इंटरनेट प्रोव्हायडर बाहेर जाऊ देतो का, हे त्याच्या नेटवर्कच्या आत बसूनच तपासता येतं. म्हणून ऐरोलीतल्या घरच्या फायबरवर कायडा या इंटरनेट-संशोधन संस्थेचा 'स्पूफर' क्लायंट चालवला. तो मुद्दाम खोट्या पत्त्याची पॅकेटं पाठवून ती पोचतात का ते बघतो. लिनक्सवर रॉ सॉकेटसाठी (पॅकेट हाताने बनवून पाठवण्यासाठी) रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लागतात. व्हीपीएन बंद, वायफायऐवजी लॅन केबल.

पहिल्याच फेरीत सगळीकडे 'ब्लॉक्ड'. मी ते मोजलंच नाही. घरचा राउटर नॅट करतो, म्हणजे आतल्या पत्त्यांऐवजी बाहेर स्वतःचा पत्ता लावतो. भलत्या पत्त्याचं पॅकेट तो गिळतो, नाहीतर स्वतःचा पत्ता चिकटवून पुढे ढकलतो, मग 'रीरिटन' दिसतं. परीक्षा झाली ती डब्याची, प्रोव्हायडरची नव्हे.

केबलवाल्याला सांगून ओएनटी (फायबरचा डबा) ब्रिज मोडवर, म्हणजे नॅट न करता नुसता पुढे ढकलणारा, करून घेतला ("दादा, याने स्पीड वाढत नाही हं") आणि पीपीपीओई (प्रोव्हायडरकडे लॉगिन) राउटरऐवजी थेट लॅपटॉपवरून डायल केलं. मिळालेला पत्ता १००.६४ ने सुरू होणारा, म्हणजे पुढे कॅरियर-ग्रेड नॅट, प्रोव्हायडरने स्वतःच्या बाजूला केलेला. आयपीव्ही४ चा निकाल पुन्हा संशयास्पद. तुमच्याकडे आयपीव्ही६ असेल तर त्याचाच निकाल धरा, तिथे सहसा नॅट नसतो.

मग परवानगी घेऊन महापेच्या ऑफिसात, स्टॅटिक पब्लिक आयपीवर (कायमचा, नॅटशिवायचा पत्ता). चाचणी चालू असताना शेजारी टीसीपीडंप (मशीनमधून जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा. खोटं पॅकेट आपल्याच फायरवॉलने अडवलं तर ते तिथे दिसतच नाही. ऑफिसात खासगी पत्ता (फक्त आतल्या नेटवर्कमध्ये चालणारा) अडला, बाहेरचा रूट होणारा (इंटरनेटवर मार्ग असलेला) पत्ताही अडला, पण शेजारचे पत्ते /२२ पर्यंत, म्हणजे १,०२४ पत्त्यांच्या गटापर्यंत, सुटले. म्हणजे फिल्टर आहे, पण ग्राहकाच्या पोर्टवर नाही, वर कुठेतरी एकत्रित. त्या गटातला कुणीही दुसऱ्याचा पत्ता लावू शकतो.

नुसता खासगी पत्ता अडला तर फार खूश होऊ नये, १०.०.०.० वगैरे अडवायला एक एसीएल (राउटरवरची अडवा-सोडा यादी) पुरते. रिफ्लेक्शन हल्ल्याला (बळीच्या पत्त्याने विचारून उत्तरांचा मारा त्याच्यावर करणं) लागतो तो रूट होणारा पत्ता. तो सुटत असेल तर युआरपीएफ (सोर्स पत्त्याकडे परतीचा मार्ग आहे का हे राउटरने तपासणं) बंद तरी असतं किंवा लूज मोडवर. लूज फक्त 'या पत्त्याला रूट आहे का' एवढंच बघतं. स्ट्रिक्टमध्ये तो रूट पॅकेट आलं त्याच लिंकवरून जायला हवा. एकाच लिंकच्या ग्राहकाला ते लावायला हरकत नसते. दोन प्रोव्हायडर असलेल्याला लावलं की जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे पडून खरी पॅकेटंही मरतात. खोटे पत्ते उगमाशीच अडवा असं सांगणारं बीसीपी ३८ (इंटरनेटची शिफारस) सन २००० चं आहे, तरी अडतं ते बरेचदा इथेच. म्हणून २००४ मध्ये अशा एकाहून जास्त प्रोव्हायडरवाल्या नेटवर्कांसाठी बीसीपी ८४ आलं.

क्लायंट दर आठवड्याला आपोआप पुन्हा चाचणी घेतो. घरी राउटर परत जोडलात की पुन्हा सगळं 'ब्लॉक्ड' दिसेल. केबलवाल्याने फिल्टर लावला असं समजून त्याला धन्यवादाचा फोन करू नका.