ढिगातून एकच कपडा

वापरून झालेल्या कपड्यांची यंत्राने वर्गवारी करणाऱ्या कारखान्याची चित्रफीत पाहताना लक्ष हमखास एका ठिकाणी खिळते. सरकत्या पट्ट्यावरून एकेक कपडा येतो, दिव्यांच्या झोताखालून जातो, तो सुती आहे की पॉलिएस्टरचा हे क्षणार्धात पडद्यावर उमटते आणि थोडे पुढे हवेचा फवारा त्याला नेमक्या पेटीत ढकलतो. हे सारे खरोखरच विलक्षण आहे. मात्र अशा चित्रफितीत पट्ट्याचे सुरुवातीचे टोक क्वचितच दाखवतात. त्या टोकाशी पुष्कळ ठिकाणी आजही माणसे उभी असतात. ढिगात हात घालून, गुंता सोडवून ती एकेक कपडा पट्ट्यावर टाकत असतात. यंत्रांच्या पकडीच्या रचनेवर काम करणारी अभियंता म्हणून मला या टोकाविषयी सर्वाधिक कुतूहल आहे, आणि कपड्यांच्या स्वयंचलित वर्गवारीतला सर्वांत अवघड व सर्वांत दुर्लक्षित प्रश्न कपडा सुटा करण्याचा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

धागा ओळखण्याचे तंत्र तुलनेने पक्के झाले आहे. कापूस, लोकर, पॉलिएस्टर, नायलॉन यांचे रेणू डोळ्यांना न दिसणाऱ्या निकट-अवरक्त प्रकाशातील निरनिराळ्या तरंगलांबी शोषून घेतात आणि परत आलेल्या प्रकाशाच्या वर्णपटावरून यंत्र धाग्याची जात सांगते. त्याला मर्यादा आहेतच. हा प्रकाश कापडाच्या वरच्या थरापुरतेच सांगू शकतो, त्यामुळे अस्तर लावलेल्या जाकिटाचे आतले कापड कळत नाही. काही काळे रंग बहुतेक सगळा प्रकाश गिळून टाकतात. थोड्या प्रमाणात मिसळलेला इलास्टेन हा ताणला जाणारा धागा सहज नजरेतून सुटतो. तरीही हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर पडून कारखान्यात स्थिरावले आहे. स्वीडनमधील माल्मो येथे २०२० मध्ये सुरू झालेला सिपटेक्स प्रकल्प वर्षाला २४,००० टन कापड वर्गवार करण्याच्या क्षमतेचा उभारला गेला, बेल्जियम आणि नेदरलँड्समधील संस्थांनी मिळून फायबरसॉर्ट हे यंत्र विकसित केले आणि फ्रान्समधील आंप्लपुई या गावी २०२३ मध्ये तासाला सुमारे एक टन कपडे हाताळणारी स्वयंचलित मालिका सुरू झाली. युरोपीय संघातील सदस्य देशांवर तर १ जानेवारी २०२५ पासून टाकाऊ कापड वेगळे गोळा करण्याचे कायदेशीर बंधन आले आहे, त्यामुळे या यंत्रांपुढचे ढीग वाढतच जाणार आहेत.

तासाला एक टन याचा अर्थ काय होतो, हे थोड्या हिशेबाने पाहता येईल. कपड्याचे सरासरी वजन पाव किलो धरले, तर एका टनात चार हजार कपडे होतात, म्हणजे दर सेकंदाला एकाहून अधिक कपडा पट्ट्यावर पडला पाहिजे. आणि तो एकटाच पडला पाहिजे. दोन कपडे एकमेकांवर आले, तर प्रकाशझोताला वरचाच दिसतो, किंवा अर्धा हा आणि अर्धा तो असा मिश्र वर्णपट मिळतो. पुढे हवेचा फवारा दोघांनाही एकाच पेटीत ढकलतो. सुती कपड्यांच्या गठ्ठ्यात शिरलेला पॉलिएस्टरचा शर्ट रासायनिक पुनर्चक्रीकरणाच्या कारखान्याला अजिबात परवडत नाही, कारण तिथल्या प्रक्रियेची सारी मदार कच्च्या मालाच्या शुद्धतेवर असते. म्हणजे लाखमोलाच्या संवेदकाने (सेन्सरने) अचूक वाचन केले तरी त्या वाचनाची किंमत शेवटी ठरते ती पट्ट्याच्या पहिल्या हातभर अंतरात.

कपडा सुटा करणे यंत्राला एवढे का जड जाते? कारखान्यातील यंत्रमानव ज्या वस्तू उचलण्यात तरबेज झाले आहेत, त्या वस्तूंचा आकार ठरलेला असतो. खोका कसाही पडला तरी खोकाच राहतो. त्याची कड दिसली की बाकीचा कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. कपड्याला असा ठरलेला आकारच नाही. तोच सदरा प्रत्येक वेळी नव्या रीतीने चुरगळतो, त्याचा बहुतांश भाग स्वतःच्याच घड्यांखाली दडलेला असतो आणि ढिगात तर त्याची एक बाही इथे वर आलेली, तर कॉलर हातभर लांब दुसऱ्याच कपड्याखाली, अशी अवस्था असते. दोन काळे कपडे शेजारी असले, तर एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कॅमेऱ्याला कळत नाही. दिसणारी रेषा ही कपड्याची कड आहे, शिवण आहे की नुसती चुणी, हा भेद माणसाचा डोळा सहज करतो, यंत्राला तो हजारो उदाहरणे दाखवून शिकवावा लागतो. शिवाय कपडे एकमेकांत अडकतात. पट्ट्या, नाड्या, हूक, चेन, मोजे, ओढणीच्या झालरी यांची अशी काही वीण तयार होते की, मेथीच्या जुडीतून एक काडी ओढावी आणि सोबत तीन याव्यात, तसे एक ओढताच तीन कपडे उठून येतात.

आता पकडीचा प्रश्न. गोदामातल्या यंत्रांचे आवडते साधन म्हणजे हवा शोषून वस्तू उचलणारा रबरी पेला. परंतु कापडातून हवा आरपार जाते, त्यामुळे तो बहुतेक कपड्यांवर नीट बसत नाही, आणि भरपूर हवा खेचून बसवलाच तर विरळ कापडातून खालचाही कपडा ओढला जाण्याची भीती असते. तिरप्या सुया बाहेर काढून कापडात रुतवणारी पकड नमद्यासारख्या जाड, एकसारख्या थरांसाठी उत्तम चालते. वापरलेल्या कपड्यांतले काही पुन्हा विकायचे असतात, त्यांना भोके पडलेली कशी चालतील? स्थिर विद्युत आकर्षणाने कापड चिकटवून घेणारी पट्टी सपाट पसरलेल्या कापडाचा एकच थर अलगद उचलते, पण चुरगळलेल्या जड जीन्सपुढे ती हतबल ठरते. शेवटी बहुतेक जण पुन्हा दोन बोटांच्या चिमट्याकडेच वळतात.

या चिमट्यात एक पेच दडलेला आहे आणि माझ्या मते सगळ्या विषयाचे मर्म त्यातच आहे. चिमटा ढिगात किती खोल घालायचा? वरवर घातला तर चुणी बोटांतून निसटते आणि हात रिकामा परततो. खोल घातला तर पकड घट्ट बसते, पण खालच्या कपड्याची चुणीही सोबत येते. योग्य खोली कापडाच्या जाडीवर, ते किती मऊ आहे यावर आणि ढीग किती दबलेला आहे यावर अवलंबून असते, आणि यातले काहीही आधी ठाऊक नसते. माणसाची बोटे हे काम स्पर्शाने करतात: आपण कापड अंगठ्याने किंचित चोळतो, दोन थर एकमेकांवर घसरत आहेत असे जाणवले की नकळत एक सोडून देतो. बोटांच्या टोकांशी स्पर्शसंवेदक बसवून यंत्राला ही जाण देण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत, आणि मला वाटते की नवनवे कॅमेरे बसवण्यापेक्षा या दिशेने अधिक मेहनत व्हायला हवी.

हात वर आला की पुढचा प्रश्न उभा राहतो: उचलला तो एक की दोन? मनगटात वजनाचा संवेदक बसवणे हा सरळ उपाय वाटतो. परंतु हिवाळी जाकीट दोन टी-शर्टांहून कितीतरी जड असते, त्यामुळे नुसत्या वजनावरून निवाडा होत नाही. मग हवेत लोंबकळणाऱ्या कपड्याचे छायाचित्र घेऊन रंग आणि पोत यांची सरमिसळ आहे का ते पाहतात, हात झटकून सैल अडकलेला कपडा खाली पाडतात, किंवा दुसऱ्या हाताने खालचे टोक धरून दोन्ही हात एकमेकांपासून दूर नेतात. काही जण हे काम दोन टप्प्यांत करतात. आधी मोठ्या ढिगातून लहान पुंजका ओढून पट्ट्यावर पसरायचा आणि मग त्यातून एकेक कपडा उचलायचा. क्रमाने अधिक वेगाने धावणारे पट्टे एकापुढे एक ठेवले की पुंजका आपोआप ताणला जाऊन विरळ होतो, ही जुनी यांत्रिक युक्ती इथेही उपयोगी पडते. मला हा दोन टप्प्यांचा मार्ग अधिक पटतो, कारण त्यात पहिल्याच झेपेला अचूकतेचा अट्टहास नाही.

या क्षेत्राचा इतिहास वाचतानाही हीच गोष्ट ठळकपणे दिसते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पीटर अबील यांच्या गटाने २०१० मध्ये पीआर-२ या यंत्रमानवाकडून, त्याने पूर्वी न पाहिलेले टॉवेल उचलून त्यांच्या घड्या घालून घेतल्या. तो प्रयोग गाजला, आणि ते रास्तच होते. पण एका टॉवेलला सुमारे २५ मिनिटे लागत होती. २०२२ मध्ये स्पीडफोल्डिंग या प्रणालीने चुरगळलेल्या कपड्याची घडी सरासरी दोन मिनिटांच्या आत घालून दाखवली. प्रगती मोठी आहे, मात्र तिथेही यंत्रापुढे ठेवलेला कपडा आधीच सुटा होता. घरगुती वापराच्या यंत्रांतही तेच घडले. फोल्डिमेट या घडी घालणाऱ्या यंत्राला प्रत्येक कपडा माणसाने हाताने चिमट्यांना लावून द्यायचा होता, म्हणजे सुटे करण्याचे काम निमूटपणे गिऱ्हाइकाकडेच सोपवलेले होते. जपानच्या लाँड्रॉइडने ते काम स्वतःच्या अंगावर घेतले, कपड्यांचा ढीग खणात टाकला की यंत्राने एकेक उचलावा अशी ती कल्पना होती. पण एकेका कपड्याला त्याला कित्येक मिनिटे लागत, आणि ते बनवणारी कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

यश मिळाले आहे ते औद्योगिक धुलाईच्या कारखान्यांत. डेन्मार्कमधील ओडेन्से येथील इन्वाटेक या कंपनीचे थोर नावाचे यंत्र रुग्णालये आणि कारखाने यांच्याकडून आलेल्या मळक्या गणवेशांच्या ढिगातून कपडे उचलून एकेक करून पुढे देते. पुढे क्ष-किरणांनी खिशात विसरलेली पेने आणि कात्र्या शोधल्या जातात. म्यूनिकमधील सेव्ट्स ही कंपनी टॉवेल घडीच्या यंत्रात भरून देणारी यंत्रणा विकते. इथे काम जमले याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. कपड्यांचे प्रकार मोजके आणि आधीच ठाऊक असतात, आणि अशा गणवेशांत बहुधा रेडिओ लहरींनी वाचता येणारी चिप शिवलेली असते, त्यामुळे हातात आलेले कपडे एक की दोन हा जाच उरतच नाही. दोन चिपा वाचल्या गेल्या म्हणजे दोन कपडे. मळलेल्या, रक्ताचे डाग असलेल्या कपड्यांना माणसाचा हात लागू नये ही निकडही तिथे खरी आहे, आणि त्यासाठी पैसे मोजायला गिऱ्हाईक तयार असते. घराघरांतून गोळा झालेल्या कपड्यांच्या ढिगाला यातली एकही सवलत नाही.

आणि तरीही, जे हात आज हे काम करतात त्यांच्याविषयी विचार केला की मला या संशोधनाची तळमळ वाटते. वर्गवारीच्या कारखान्यात कामाची वाटणी उलटी झाली आहे: पारखण्याचे काम यंत्राकडे आणि उचलण्याचे माणसाकडे. धाग्याची जात यंत्राने सांगावी हे योग्यच आहे, कारण कपड्यावरची धाग्याची माहिती देणारी पट्टी फाटलेली किंवा धुऊन पुसट झालेली असली तर ती माणसाला खात्रीने सांगता येत नाही. परंतु कपडा अजून वापरण्याजोगा आहे का, त्याला गिऱ्हाईक मिळेल का, ही पारख अनुभवी माणसाचीच. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आपल्या दारात बसून साडी उजेडाकडे धरते, काठ चाचपते, सदऱ्याची कॉलर उलटून पाहते आणि एवढ्यावर तिचा भाव ठरतो. गुजरातमधील कांडला विशेष आर्थिक क्षेत्रात आयात केलेले जुने कपडे निवडणाऱ्या स्त्रिया आणि पानिपतमध्ये लोकरी कपड्यांची बटणे, चेन कापून रंगांनुसार ढीग लावणारे कामगार यांच्याकडेही अशीच नजर असते; जुन्या लोकरीचा पुन्हा धागा काढणाऱ्या पानिपतच्या गिरण्यांत तर रंगांची वाटणी चोख झाली की नव्याने रंगवण्याची गरजच उरत नाही. ही नजर असलेल्या माणसाला दर सेकंदाला एक कपडा पट्ट्यावर फेकण्याच्या कामाला जुंपणे आणि दिवसभर कापडाची धूळ श्वासात घ्यायला लावणे हा कौशल्याचा आणि आरोग्याचा, दोन्हींचा अपव्यय आहे. ढीग उपसणे यंत्राने करावे आणि सुटा झालेला कपडा माणसाने पारखावा, ही वाटणी मला न्याय्य वाटते. अर्थात हे मी लिहिते तेव्हा त्या कामगारांची रोजी डोळ्यांआड करून चालणार नाही. पारखीच्या कामाला आजच्यापेक्षा चांगला मोबदला मिळाला तरच या वाटणीला अर्थ आहे.

तांत्रिक बाजूने सांगायचे, तर पुढची वाटचाल मोजमापापासून सुरू व्हायला हवी. पकडीच्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडताना पुष्कळदा 'उचलण्यात यश' एवढेच मोजले जाते, आणि दोन कपडे एकदम वर आले तरी ते यशात जमा होते. वर्गवारीच्या दृष्टीने मात्र रिकामा परतलेला हात हा जोडीने उचललेल्या हातापेक्षा बरा, कारण रिकाम्या हाताने फक्त वेळ जातो आणि जोडीने गठ्ठ्याची शुद्धता जाते. म्हणून प्रत्येक चाचणीत रिकामे, एकेरी आणि जोडीचे उचल वेगवेगळे नोंदवले जावेत, आणि चाचणीचा ढीग धुऊन घडी केलेल्या टी-शर्टांचा न ठेवता गोळा केलेल्या गाठोड्यातून जसा निघतो तसाच, दमट, दबलेला आणि नाड्यांनी गुंतलेला ठेवावा, असा आग्रह मी माझ्या सहकाऱ्यांकडे धरते. अशा ढिगावर पहिले आकडे अनाकर्षक येतील, पण पकडीची कोणती रचना कोणत्या कापडापुढे हरते ते त्यातूनच कळेल.