एका पायाची पितळी चप्पल

आमच्या उद्यमनगरातल्या फाउंड्रीत पंपाचे इंपेलर, व्हॉल्व्हच्या बॉड्या, झालंच तर देवळाच्या घंटा ओतल्या जातात. गडहिंग्लजकडचा एक फायटर पायलट सुट्टीवर आला होता. हुद्दा स्क्वॉड्रन लीडरचा. त्यानं पिशवीतून कोल्हापुरी चप्पल काढली. "काका, ही अशीच पितळेत करून द्या. एकच पाय."

आमचे जुने मोल्डर तात्या म्हणाले, "एकच? कुणाला हाणायची हाय काय?"

"हाणायची नाही तात्या, द्यायची. महिन्यात ज्याच्या हातून सगळ्यात मजेशीर चूक होईल, त्याच्या टेबलावर ती पुढच्या महिन्यापर्यंत राहणार."

चप्पल दिसते साधी, ओतायला मात्र अवघड. बाजूचा कान इतका पातळ की तिथवर पोचेपर्यंत पितळ थिजतं. तात्यांनी त्या बाजूला पितळ उतरायला जादा वाट कापली आणि पितळ वितळवायची मूस नेहमीपेक्षा जास्त तापवायला सांगितली. ओतकाम बघायला पायलटसाहेब मुद्दाम थांबले होते. भट्टी तापेपर्यंत चहा आला आणि वायुदलातल्या खोड्यांच्या गप्पा रंगल्या.

पहिलं एकट्यानं उड्डाण करून उतरलेल्या पोराला सगळे बादल्यांनी भिजवतात. पाहुणं विमान दुसऱ्या तळावर उतरलं की रात्रीत तिथल्या स्क्वॉड्रनचं स्टिकर त्यावर चिकटतं. ब्रिटिश वायुदलात तर दुसऱ्या महायुद्धात मेसमध्ये वहीच ठेवलेली असे. कुणी फुशारकी मारली की त्याचं वाक्य जसंच्या तसं वहीत! आपलं वायुदल 1932 साली ब्रिटिशांच्याच वळणावर उभं राहिलं, त्यामुळं असा खोडकरपणा इकडंही मुरला.

मग चुकांचा विषय निघाला. विमानाच्या नाकाशी किंवा पंखाजवळ पिटो ट्यूब नावाची नळी असते, वेग तिच्यावरून कळतो. जमिनीवर असताना तिच्यावर लाल फीत लावलेलं झाकण असतं. ते न काढता कुणी निघालाच आणि ग्राउंड क्रूनं हात हलवून थांबवलं, की चप्पल त्याची. पण हत्यारांच्या बाबतीत मस्करी नाही. प्रत्येक पाना, प्रत्येक स्क्रू ड्रायव्हर मोजून घ्यायचा, मोजून परत ठेवायचा. एक जरी कमी भरला तरी सापडेपर्यंत विमान उडत नाही. इंजिनानं साधा स्क्रू ओढून घेतला तरी पाती फुटतात. "जो आपण होऊन सांगतो, त्याच्यावर कुणी ओरडत नाही," साहेब म्हणाले.

आमचा हेल्पर पोरगा कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. तो हळूच पुढं आला. "तात्या, हवेची भोकं पाडायच्या तारंचं टोक मोडलंय. सकाळच्या इंपेलरच्या डब्यांत कुठंतरी पडलंय बघा."

सगळे गप्प झाले. वाळूचे साचे भरून ठेवलेले डबे, अर्ध्या दिवसाची मेहनत! तात्या उठले आणि काही न बोलता एकेक डबा उघडायला लागले. लोखंडाचा तो तुकडा तिसऱ्यात निघाला. पितळेत गेला असता तर गिऱ्हाइकाच्या लेथवर टूल तुटलं असतं आणि दोष कुणाचा हे कुणालाच कळलं नसतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, पोरगं लाजलं. तात्या म्हणाले, "चप्पल पयली ह्याला द्या, मग तुमच्या इमानवाल्यांना!" मला त्या पोराचा फार अभिमान वाटला. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण कुणी आपण होऊन असं बोललेलं मी क्वचितच ऐकलं होतं.

संध्याकाळी साचा फोडला. कान पुरा भरला होता. बफिंग करून चप्पल रवाना झाली.

पुढं साहेबांनी एक फोटो पाठवला. पहिला मान थेट कमांडिंग ऑफिसरना मिळाला होता! हेल्मेट घेऊन ऐटीत शेजारच्याच विमानात जाऊन बसले, पट्टे आवळले, आणि त्यांचा क्रू पलीकडच्या विमानापाशी वाट बघत उभा. फोटोत ते चप्पल उंच धरून खदखदून हसत होते.

तात्यांनी मोबाइल हातात घेतला, बोटांनी फोटो मोठा केला, आणि ऑफिसरना बाजूला सारून म्हणाले, "कान बघ की लेका, कान! कसला आलाय!"