तुम्ही विचारलंत म्हणून: मॅच बॅरल कुठलं घ्यावं?

स्पर्धेत नव्याने उतरलेलं कुणी ना कुणी हे हमखास विचारतं: ‘पिस्तुलाचं मूळ बॅरल काढून मॅच बॅरल टाकायचंय, कुठलं घेऊ?’ मॅच बॅरल म्हणजे स्पर्धेसाठी जास्त अचूक बनवलेली नळी. मी उलट विचारते, टेकूवरून मारून पाहिलंत का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं.

आधी ते करा. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, 25 मीटरवर, एकाच काडतुसाचे पाच-पाच गोळ्यांचे चार-पाच ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचे पुंजके) घ्या. 25 मीटरच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिमी व्यासाचं असतं. टेकूवरचा ग्रुप त्यात मावतोय आणि नुसत्या हातांनी मारताना ताटाएवढा पसरतोय, तर तुमचं काम ट्रिगरवरच्या बोटाशी आहे, बॅरलशी नाही. काडतूसही बदलून पाहा. 115 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळीने फाकणारं पिस्तूल कधी कधी 124 ग्रेनने चांगलं आवळतं.

एवढं करूनही टेकूवरचा ग्रुप फाकलेलाच राहिला, तर मात्र बॅरलकडे वळा. खरेदी करणारे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांबद्दल खूप विचारतात, बसण्याबद्दल क्वचितच. बहुतेक 9 मिमी स्पर्धा-पिस्तुलांत बॅरल दर गोळीला स्लाइडसोबत (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) थोडं मागे जातं, कलतं आणि पुन्हा वर येऊन स्लाइडमध्ये अडकतं. साइट (नेम धरायच्या खुणा) मात्र स्लाइडवर असतात. म्हणून बॅरल दर वेळी त्याच जागी परतलं पाहिजे. 125 मिमीच्या बॅरलचं तोंड मागच्या टोकाच्या तुलनेत 0.1 मिमी सरकलं, तरी 25 मीटरवर गोळी 2 सेंटिमीटर हलते. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करा, स्लाइड बंद ठेवा आणि रिकामी केस जिथून बाहेर पडते त्या खिडकीत दिसणारा बॅरलचा माथा अंगठ्याने दाबा. तो खाली दबला, तर ती ढिलाई तिथेच सापडली.

तयार बसणारं बॅरल कुठल्याही नगात बसावं म्हणून जरा सैल मापाचं असतं. फिटिंगच्या बॅरलवर जास्तीचा धातू ठेवलेला असतो आणि तो गनस्मिथ तुमच्या स्लाइडला जुळवून घासतो. कागदी टार्गेटवर गुण मोजायचे असतील तर मी फिटिंगचंच सुचवीन. आयपीएससीच्या (प्रॅक्टिकल नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) धावपळीच्या स्टेजसाठी, म्हणजे फेरीसाठी, तयार बॅरल पुरतं; तिथे पिस्तूल न अडकणं जास्त मोलाचं. हे घासकाम घरी करू नका.

चेंबरकडे, म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेकडे, मी स्वतः दुर्लक्ष केलं होतं. नवं बॅरल लावलं, 147 ग्रेनच्या जाड खांद्याच्या गोळ्या भरल्या, आणि ऐन स्टेजवर स्लाइड किंचित उघडीच राहिली. घरी बॅरल बाहेर काढून गोळीला मार्करची शाई फासली, काडतूस चेंबरमध्ये टाकून फिरवलं. शाईवर खाचांच्या कडांचे बारीक ओरखडे उमटले. चेंबरपुढची मोकळी जागा आखूड होती, गोळी कडांना टेकत होती. तेव्हापासून सुट्या बॅरलमध्ये काडतूस टाकून पाहते. ते टक् करून बसायला हवं, बोटाने सहज फिरायला हवं आणि बॅरल उलटं केलं की आपसूक पडायला हवं. आपली काडतुसं अशी तपासल्याशिवाय बॅरल पक्कं करू नका.

पिळाची, म्हणजे आतल्या खाचा किती अंतरात एक फेरा घेतात त्याची, फार चिंता नको. 9 मिमीत 10 इंचांत एक फेरा हा नेहमीचा पीळ आहे आणि तो स्पर्धेतल्या नेहमीच्या सगळ्या वजनांना चालतो. नुसत्या शिशाच्या गोळ्या मारत असाल तर पॉलिगोनल (धारदार खाचांऐवजी आतून गोलसर कडांचं बहुकोनी) बॅरल टाळा. शिसं आत चिकटत जातं, दाब वाढतो.

नियमही पाहा. आयपीएससीच्या प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये बॅरल 127 मिमीहून लांब चालत नाही. पॉवर फॅक्टर (काडतुसाच्या जोराचं माप) किमान 125 लागतो: ग्रेनमधलं वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले 1000. 124 ग्रेनच्या गोळीला साधारण 1010 फूट हवेत. बॅरल बदललं की वेग बदलतो, आणि काठावरचं काडतूस 125 च्या खाली येऊ शकतं. म्हणून नवं बॅरल लावलं की मॅचआधी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) दहा गोळ्या मारून घ्या.