खिडकीची जागा

परवा दुपारी कराडच्या स्टँडबाहेर वडापमध्ये बसलो होतो. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, गाडी चार हात पुढे घेतली, "चला पाटण पाटण, एकच सीट!" म्हणून ओरडला आणि गाडी परत जागेवर आणून लावली. आत अजून निम्मी गाडी रिकामी होती. शेजारच्या मावशी कावल्या. मला मात्र मोशीचा स्टँड आठवला.

मोशी टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी. तिथून अरुशाला जाणाऱ्या मिनीबसही असंच पुढे-मागे करतात, फक्त गाणी जास्त मोठ्याने लावून. कोंडा, म्हणजे कंडक्टर, दाराला लटकून "अरुशा, अरुशा!" करत राहतो आणि आता सुटली म्हणेपर्यंत गाडी पुन्हा मागे. आत दोन-तीन जण आधीपासून निवांत बसलेले असतात. गाडी खरोखर भरली की ते उठून खाली उतरतात, कारण ते प्रवासी नसतातच. रिकाम्या गाडीत कुणी चढत नाही, म्हणून शोभेला बसवलेले. हे कळल्यावर राग यायला हवा होता. पण आपल्या वडापवाल्यांना हे अजून कसं सुचलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

तोवर बाहेरून सगळा बाजार खिडकीशी येतो. काजू, उकडलेली अंडी आणि वर मीठ-तिखट, पाण्याच्या बाटल्या, चार्जर. एकजण तर भिंतीवरचं घड्याळ विकत होता. घ्यायला हवं होतं, कारण तिथली वेळ दिवस उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात, तो त्यांचा एक. दार-एस-सलामची बस बारा वाजता, असं लॉजवरच्या बाईंनी सांगितलं आणि मग माझ्या मनगटावरच्या घड्याळात बाराच्या समोरचा सहाचा आकडा बोटाने दाखवला. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर जवळजवळ त्याच सुमाराला उगवतो, त्यामुळे हिशेब चुकत नाही. आमची आजी दिवस कासराभर वर आला की न्याहारी वाढायची. तिला हे घड्याळ समजावून सांगावं लागलं नसतं.

पण मी सांगत होतो खिडकीचं.

खिडकीची जागा नसेल तर मला प्रवास झाल्यासारखा वाटत नाही. हे खूळ लाल डब्यातलं. मे महिन्यात मामाच्या गावाला जाताना एसटी फलाटाला लागायच्या आत बाबा मला दोन्ही हातांनी उचलून खिडकीपाशी धरायचे आणि मी आत रुमाल टाकायचो. कधी टोपी, तर एकदा आईच्या हातातली भाजीची पिशवी. नंतर आत चढून त्या रुमालाच्या हक्कावर मोठमोठ्या माणसांशी भांडण. रुमाल आधी पडला की जागा आपली, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय कोण जाणे, पण महाराष्ट्रभर पाळतात.

मोशीला मी तेच केलं. गाडी वळून येताच उघड्या खिडकीतून रुमाल आत टाकला आणि दाराकडे धावलो. चढतो तर एक आजोबा माझी वाट पाहत उभे. त्यांनी रुमाल झटकला, नीट चौघडी घातली आणि माझ्या हातात दिला. तुमचा पडला होता, असं काहीतरी प्रेमाने म्हणाले असावेत. मग त्याच खिडकीशी ते स्वतः बसले. काय बोलणार? मी आभार मानले.

मोशीहून अरुशाला निघताना उजवी बाजू धरावी, डोंगर त्या बाजूला. आजोबा त्याच बाजूला होते आणि त्यांना डोंगराचं काही पडलेलं नव्हतं, ते झोपले. 5,895 मीटरचा किलिमांजारो मी त्यांच्या डुलणाऱ्या टोपीवरून पाहिला, तोही ढगांनी मध्येच फट ठेवली तेवढाच.

सेरेनगेटीही केली. सुमारे 15 लाख विल्डबीस्ट तिथे वर्षभर कोवळ्या गवतामागे फिरत असतात. पाहण्यासारखंच आहे. पण सफारीच्या गाडीत प्रत्येकाला खिडकी असते आणि वर छतही उघडतं. भांडायला कुणी नाही. मजा नाही आली.

मग केनियात नैरोबीहून मोंबासाला रेल्वेने गेलो. 2017 साली सुरू झालेली नवी गाडी. स्टेशनवर सगळ्यांच्या बॅगा एका रांगेत ठेवायला लावतात आणि कुत्रा हुंगत पुढे जातो. जागेचा नंबर छापलेला, गाडी मिनिटावर सुटते. मला खिडकी मिळाली, पण ती उघडत नाही.

त्साव्होच्या रानात डब्यात एकदम गलका झाला. पलीकडच्या बाजूला हत्ती, तिथल्या मातीत लोळून लाल झालेले. सगळे तिकडे झेपावले. मी उठलो, पण जागा जाईल म्हणून परत बसलो. माझ्या बाजूला जुनी मीटरगेज लाईन दिसत होती. 1896 साली मोंबासाहून निघून 1901 साली व्हिक्टोरिया सरोवराला पोचलेली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून 30 हजारांवर मजूर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले, म्हणजे मैलामागे चार माणसं. 1898 मध्ये इथल्या पुलाच्या कामावर दोन सिंहांनी माणसं ओढून नेली, ती गोष्ट जगभर झाली. हिवतापाने आणि हगवणीने त्याहून कितीतरी जास्त मेले. त्यांची गोष्ट झाली नाही.

मोंबासाला सामान काढताना शेजारच्या मुलीने विचारलं, हत्ती दिसले ना?

म्हटलं, नाही, या बाजूला नव्हते.