नाव काय म्हणालात?

इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं मी रोज अर्ध्यावर सोडतो. परवा एकच ओळ अडली होती. अर्थ ‘फितूर’, अक्षरं आठ, शेवटचं ‘जी’. चहा निवला तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: क्विसलिंग! शब्द बसला आणि का कोण जाणे, शाळेतला पिसाळ आठवला.

तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा. मानेवर खोबरेल तेलाचा ओघळ कायम. इतिहासाच्या तासाला रायगडच्या पाडावाचा धडा आला. १६८९ साल, झुल्फिकारखानाचा वेढा... आणि बाईंनी सूर्याजी पिसाळचं नाव वाचलं मात्र, सगळ्या वर्गाच्या माना एकदम वळल्या. पिसाळनं पुस्तकात घातलेलं डोकं घंटा होईपर्यंत वर काढलं नाही. वाईच्या देशमुखीशी त्याच्या घराचा काडीचा संबंध नव्हता. त्या फितुरीबद्दल इतिहासकारांत वाद आहेत म्हणे, पण वर्गाला त्याचं काय!

विडकुन क्विसलिंगबद्दल मात्र वाद घालायला जागाच नाही. हा नॉर्वेतल्या एका पाद्र्याचा मुलगा. लष्करी अकादमीत असे गुण मिळवले की तिथल्या इतिहासात तेवढे कुणाला पडले नव्हते. पुढे युक्रेनमधल्या दुष्काळात ध्रुवसंशोधक नान्सेनसारख्या माणसाच्या हाताखाली मदतकार्य केलं. मॉस्कोत ब्रिटिशांचं वकिलातीचं काम सांभाळलं म्हणून त्यांनी त्याला किताबही दिला. आपल्याकडे अशा मुलाचा चौकात फ्लेक्स लागला असता. तो संरक्षणमंत्री झाला, मग १९३३ मध्ये स्वतःचा पक्ष काढला आणि दोन निवडणुका लढवल्या. मतं दोन टक्क्यांच्या आसपास, जागा एकही नाही.

जनतेनं दारात उभं केलं नाही, म्हणून गडी खिडकीतून शिरला. ९ एप्रिल १९४० ला पहाटे जर्मन फौजा नॉर्वेत उतरल्या आणि त्याच संध्याकाळी क्विसलिंगनं ऑस्लोच्या रेडिओवरून जाहीर केलं की पंतप्रधान आता मीच. ना निवडून आलेला, ना राजानं नेमलेला. राजा हाकोननं तर मंत्रिमंडळाला साफ सांगितलं, याला नेमायचं असेल तर मी गादी सोडतो. सहा दिवसांत जर्मनांनीच त्याला बाजूला केलं.

पण त्याच महिन्यात लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या आडनावाचं सामान्यनाम करून टाकलं. ‘टाइम्स’नं तर लिहिलं की हा शब्द म्हणजे लेखकांना देवानं दिलेली भेट; कानाला कसा निसरडा आणि वाकडा लागतो! यात मात्र त्याचा काय दोष? त्याच्या पूर्वजांनी डेन्मार्कमधल्या क्विस्लेमार्क नावाच्या गावावरून नाव घेतलं होतं, एवढंच. मराठी कानालाही ‘पिसाळ’ म्हटलं की आधी पिसाळलेलं कुत्रंच आठवतं. वाईट माणसाचं नाव जोशी किंवा पाटील असेल तर त्याची शिवी होणं अवघड.

सूर्याजी पिसाळला आपल्या नावाचं पुढे काय झालं हे बघायला लागलं नाही. क्विसलिंगला ते जिवंतपणी, पाच वर्षं, ऐकावं लागलं. युद्धकाळात एक विनोद फिरत होता. तो हिटलरला भेटायला जातो. दारावरच्या पहारेकऱ्याला म्हणतो, ‘मी क्विसलिंग.’ पहारेकरी अदबीनं विचारतो, ‘ते कळलं साहेब. पण नाव काय आपलं?’

१९४२ मध्ये जर्मनांनी त्याला पुन्हा खुर्चीवर बसवलं. आता शाळांतून आपल्या पक्षाचे विचार शिकवायचे म्हणून त्यानं शिक्षकांना एका सक्तीच्या संघटनेत कोंबायचं ठरवलं. देशातले शिक्षक सुमारे चौदा हजार. त्यांतल्या बहुतेकांनी लेखी नकार पाठवला. हजारावर शिक्षकांना अटक झाली, शेकडो जणांना पार उत्तरेला किर्केनेसला मजुरीला धाडलं, तरी ते बधले नाहीत. शेवटी एका शाळेत जाऊन हा पठ्ठ्या ओरडला की तुम्ही मास्तरांनी माझं सगळं वाटोळं केलं. मास्तरकी केलेल्या घरात वाढल्यामुळे असेल, पण हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘डोनाउ’ जहाजातून पाचशेवर ज्यूंना ऑश्विट्झच्या छळछावणीकडे नेलं. त्यांना धरून आणणारे पोलीस नॉर्वेचेच होते. इथे विनोद थांबतो.

२४ ऑक्टोबर १९४५ ला ऑस्लोच्या आकेर्सहुस किल्ल्यात त्याला गोळ्या घातल्या.

इंग्रजीत हा शब्द आता बारीक ‘क्यू’नंही लिहितात, माणूस गळून गेला, शिवी उरली. आपल्या लिपीत मोठं-लहान अक्षर नाही, आणि आपण नुसतं ‘पिसाळ’ म्हणून शिवीही देत नाही. सूर्याजीसकट पूर्ण नाव घ्यावं लागतं. नगरसेवकानं पक्ष बदलला तरी भाषणात पूर्ण नावच येतं.

गेल्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत तोच पिसाळ भेटला. आता डोक्याला तेल लावायला केसच नाहीत. मी भीत भीत त्या तासाचा विषय काढला, तर जिलेबी मोडत हसला.

‘अरे, माझ्या आजोबांचं नाव सूर्यकांत. नातवाला तेच ठेवायचं घरात ठरलं होतं. पण बारशाला आत्या पाळण्यावर वाकायच्या आत आईनं तिला बाजूला घेऊन सांगितलं, वन्सं, दुसरं काहीही ठेवा.’