टेरेल डेव्हिसची चार वर्षं

सकाळपासून बर्फ पडतोय, म्हणून लेकीला घेऊन बसलो आणि जानेवारी १९९८ची सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत, पाहिली. डेन्व्हरला आल्यापासून इथल्या ब्रॉन्कोज संघात चेंडू घेऊन धावणाऱ्या टेरेल डेव्हिसचं नाव ऐकत होतो. आज कळलं, लोक एवढे का हळवे होतात ते.

अर्धशिशीने त्याला समोरचं दिसत नव्हतं. तरी प्रशिक्षकांनी मैदानात पाठवलं, नुसतं चकवायला! समोरच्या ग्रीन बे संघाचे गडी त्याच्यावर तुटून पडले, चेंडू होता क्वार्टरबॅक (चाल रचणारा खेळाडू) एल्वेकडे. एल्वे सरळ गोलरेषेच्या आत शिरला, म्हणजे टचडाउन. उरलेला दुसरा क्वार्टर (सामन्याचा दुसरा चतुर्थांश) डेव्हिस बाहेरच. मग परतला आणि सामन्यात चेंडू घेऊन एकूण १५७ यार्ड धावला, तीन टचडाउन. पुढच्या, १९९८च्या हंगामात २००८ यार्ड. १९९५मध्ये संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा १९५ जणांनंतर नंबर लागलेला पोरगा हा!

१९९९चा चौथाच सामना. प्रतिस्पर्ध्याने पास मधेच पकडला, त्याला अडवायला हा धावला आणि गुडघा गेला. २००२मध्ये निवृत्ती, वय २९. थोर खेळाडूंचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेमने त्याला २०१७पर्यंत ताटकळत ठेवलं, हे मला अजिबात पटत नाही.

टचडाउननंतरचा त्याचा तो कडक सॅल्यूट लेक आत्ता सोफ्यावर उभी राहून करतेय.