रेझ्युमेत काय चुकतंय, विचारलंत म्हणून

"मॅडम, पोर्टलवर रोज अर्ज टाकतोय, पण एकही फोन येत नाही. रेझ्युमेत काय चुकतंय, एकदा बघाल का?"

शेवटच्या वर्षाचे निकाल लागले की दिवाळीपर्यंत हा प्रश्न मला येत राहतो. विचारणारे बहुतेक मेकॅनिकल किंवा प्रॉडक्शनचे असतात. कोणी सांगलीकडचा, कोणी वाळूजजवळच्या गावातली, पुण्यात कॉट बेसिसवर राहून नोकरी शोधणारी मुलं. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. ट्रेनी इंजिनिअर घ्यायचे असले की एचआरकडचे रेझ्युमे माझ्याकडेही वाचायला येतात. ते वाचताना जे दिसतं, तेच सांगते.

त्याआधी एक बोलायला हवं, नाहीतर सगळं खापर तुमच्याच डोक्यावर फुटेल. फोन येत नाही याला दर वेळी रेझ्युमे जबाबदार नसतो. २०२२-२३ मध्ये ऑफर लेटर हातात असलेल्या कितीतरी मुलांना मोठ्या आयटी कंपन्यांनी महिनोन् महिने रुजूच करून घेतलं नाही. त्यांच्या रेझ्युमेत काही खोट नव्हती. शिवाय चाळणी असते: दहावीपासून सगळीकडे ६० टक्के, लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, नको. बारावीला ५७ टक्के असतील तर अशा ठिकाणी तुमचा रेझ्युमे बहुधा उघडलाच जात नाही, मग तो कितीही सुंदर असो. तिथे रोज बटण दाबून मन खट्टू करून घेऊ नका. भोसरी, सातपूर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतल्या, मोठ्या कंपन्यांना भाग पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडरांकडे जा. तिथे बऱ्याचदा मालक किंवा प्रॉडक्शन मॅनेजर स्वतः कागद हातात घेतो. टक्के तोही विचारेल, पण ड्रॉइंग वाचता येतं का, हे आधी विचारेल.

आता रेझ्युमे. सुरुवातीला 'चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट'मध्ये काम करण्याची इच्छा, शेवटी वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंद आणि वरील माहिती खरी असल्याची प्रतिज्ञा. सीनियरकडून आलेली वर्डची तीच फाइल वर्षानुवर्षं फिरते आहे. हे सगळं काढा. दोन कॉलमचं, फोटोवालं, कौशल्यांपुढे तारे काढलेलं टेम्प्लेटही नको, कारण कंपन्यांची सॉफ्टवेअर त्यातला मजकूर अनेकदा उलटसुलट उचलतात. आणि 'सॉलिडवर्क्स, चार तारे' यावरून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. एक पान, साधा फॉन्ट, पीडीएफ, फाइलला स्वतःचं नाव. अर्ध्या तासाचं काम आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. मुलं स्वतःच्या हातांनी केलेलं काम लिहीतच नाहीत.

कोल्हापूरकडचा एक मुलगा मुलाखतीला आला होता. रेझ्युमेत बीईचा प्रोजेक्ट म्हणून पेडलवर चालणारा पाण्याचा पंप. त्यावर विचारलं तर उत्तरं तुटक, पाठ केलेली. मग कास्टिंगमधल्या, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवलेल्या भागांतल्या, दोषांचा विषय निघाला आणि तो एकदम मोकळा झाला. मोल्डिंगच्या वाळूत ओलावा जास्त राहिला की वितळलेलं लोखंड आत जाताच त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसली की ती धातूत अडकते आणि ब्लोहोल, म्हणजे आत पोकळी, पडतो, हे त्याने नीट सांगितलं. वाळू मुठीत दाबून तिचा अंदाज कसा घेतात, पावसाळ्यात रिजेक्शन का वाढतं, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगवरचा जादा धातू आणि वाळू काढायला, गेल्यावर कोणता दोष आधी डोळ्यांत भरतो, हेही सांगितलं. वडील फाउंड्रीत कामाला होते आणि हा सुट्ट्यांमध्ये त्यांच्याबरोबर जायचा. मी विचारलं, "हे रेझ्युमेत का नाही?" तो म्हणाला, "ती मजुरी होती, मॅडम."

मला फार वाईट वाटलं. चार वर्षांत त्याला एकाही शिक्षकाने सांगितलं नव्हतं, की बाळा, तू सांगतोयस हेच इंजिनिअरिंग आहे. आम्ही त्याच्या रेझ्युमेत पंपाच्या वर ओळ घातली: 'सुट्ट्यांमध्ये ग्रीन सँड फाउंड्रीत काम: मोल्ड भरणे, वाळूचा ओलावा तपासणे, दोषानुसार कास्टिंग वेगळी करणे.' ही ओळ वाचून कुठलाही फाउंड्रीवाला त्याला बोलावून घेईल, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे? मामांचा लेथ आहे? कोणी रसवंतीच्या चरकाचा गिअर बदललाय, कोणी गावातल्या शेततळ्यावर ठिबकची जोडणी केली आहे. लाज कसली? लिहा. आधी मराठीत लिहा: काय बिघडलं होतं, मी काय केलं, नंतर काय झालं. त्याचं इंग्रजी मग करता येतं.

कॉलेजातल्या कामाचंही तसंच. 'बाजा एसएईइंडिया, टीम मेंबर' एवढंच लिहिलेले रेझ्युमे खूप येतात. बाजा म्हणजे कॉलेजच्या मुलांनी स्वतः गाडी बनवायची स्पर्धा. तुम्ही त्या गाडीवर नेमकं काय केलंत? रोल केजची, म्हणजे चालकाभोवतीच्या पाइपांच्या सांगाड्याची, ट्यूब निवडली असेल तर १०१८ ग्रेडच्या स्टीलची सोडून ४१३०ची का घेतली, ते लिहा. मग मी नक्की विचारणार, की ग्रेड बदलल्याने केजचा ताठरपणा वाढला का? स्टीलचा यंग्स मॉड्युलस, म्हणजे धातूचा मूळचा ताठरपणा, ग्रेड कुठलाही असला तरी २०० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. केजचा जास्तीचा ताठरपणा ट्यूबच्या व्यासातून आणि जाडीतून येतो. ४१३०चा फायदा ताकदीत आहे, म्हणून पातळ भिंतीची ट्यूब थोड्या मोठ्या व्यासाची घेऊन वजन वाचवता येतं. ज्याने ट्यूब खरंच निवडली आहे, त्याला असा प्रश्न आला की आनंद होतो. विकत आणलेल्या प्रोजेक्टवर हा आनंद मिळत नाही.

कौशल्यांच्या यादीत कॅटिया, अ‍ॅन्सिस, पायथन, सिक्स सिग्मा, सगळं एका ओळीत असतं. मी विचारते साधं: शाफ्टच्या व्यासावर एकूण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ०.०५ मिलिमीटर आहे, व्हर्निअर चालेल का? नेहमीच्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२, आणि मोजण्याचं साधन शक्यतो टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं असावं, म्हणजे व्हर्निअर बाद. साधा ०.०१चा मायक्रोमीटरही इथे काठावर पडतो. एवढं ज्याला येतं त्याने 'मापन उपकरणे' हे दोन शब्द अभिमानाने लिहावेत आणि सिक्स सिग्मा खोडावं.

खोटा अनुभव मात्र लिहू नका. सर्टिफिकेट विकणारे सांगतात की कोणी तपासत नाही. पण पीएफच्या यूएएन खात्यावर कुठे किती दिवस नोकरी झाली ते दिसतं, आणि पडताळणीत पकडलं गेलं की रुजू झालेली नोकरीही जाते. नोकरी लावण्यासाठी पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीच्या दारातही उभं राहू नका. घरच्यांनी त्यासाठी दागिने गहाण ठेवलेले मी पाहिले आहेत. मूळ गुणपत्रिका कुणाच्या ताब्यात देऊ नका, कंपनीच्याही.

नोकरी लागेपर्यंत अप्रेंटिसशिप घ्या. १९६१च्या कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९च्या नियमांत पदवीधराचं विद्यावेतन महिना किमान ९,००० रुपये ठरलं. पुण्यात खोलीभाडं आणि मेस यातच ते संपतं, हे मला ठाऊक आहे, आणि ते वाढायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे. राज्याच्या २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरले होते. रक्कम कमी असली तरी जा, आणि गेल्यावर नुसते टी-शर्ट घालून लाइनवर उभे राहू नका. कुठल्या मशीनवर कोणता दोष आला, कारण काय निघालं, रिजेक्शन किती होतं आणि किती झालं, हे रोज वहीत तारखेसह टिपा. कंपनीची ड्रॉइंग आणि ग्राहकांची नावं त्यात नकोत. वर्षाअखेरीस ती वही आणि रेझ्युमे दोन्ही घेऊन या, आपण बसून लिहू.